खाशाबांची न लिहिलेली आपबीती

एखाद्या माणसाचे जीवन दुसऱ्या कोणी लिहिले, तर त्याला चरित्र म्हणतात. तेच जीवन त्या माणसाने स्वतः लिहिले, तर ते आत्मचरित्र होते. उर्दूत आपण पहिल्याला सवानेह म्हणतो आणि दुसऱ्याला आपबीती. आपल्या रायगड जिल्ह्यातील रोह्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते होते, त्या चिंतामणराव देशमुखांनी १९७४ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. पुढे ते देशाचे अर्थमंत्रीही झाले. असे विद्वान लोक आत्मचरित्र लिहितात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण विद्यार्थी मित्रांनो, समजा पैलवानांनी आत्मचरित्रे लिहिली असती, तर सर्वांत खरे आणि सर्वांत रंगतदार पुस्तक कोणाचे झाले असते?

पैलवानांच्या गोष्टी तोंडोतोंडी वाढत जातात. गामा पैलवानाचे नाव तुम्ही घरी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. पंजाबातला हा थोर मल्ल १९६० साली लाहोरला मरण पावला. तो रोज किती दूध पीत असे आणि किती बदाम खात असे, याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. १९१० साली गामा लंडनला गेला. तेथे झिबिस्को नावाच्या धिप्पाड पोलिश मल्लाशी त्याची कुस्ती झाली. झिबिस्को अडीच तासांच्या सुमारास गादीला चिकटून पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा तो आलाच नाही. १९२८ साली पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले. तेथे गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. लोक ही एका मिनिटाची कुस्ती मोठ्या हौसेने सांगतात. लंडनची ती लांबलेली, कंटाळवाणी कुस्ती फारसे कोणी सांगत नाही. परंतु खरी आपबीती लिहायची, तर दोन्ही कुस्त्या लिहायला हव्यात.

म्हणून पैलवानाच्या पुस्तकाची परीक्षा सोपी आहे. हरलेल्या कुस्तीचे पान जो फाडून टाकत नाही, त्याचे पुस्तक खरे. या परीक्षेला उतरणारा एक मल्ल आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. त्यांच्या आयुष्याची पाने आपण आज उलटून पाहू.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. हे गाव कराडच्या जवळ आहे. कराडला कृष्णा आणि कोयना या दोन नद्या एकमेकींना मिळतात. आपण पेण-रोह्याचे लोक सह्याद्रीच्या अलीकडे राहतो. गोळेश्वर सह्याद्रीच्या पलीकडे आहे. आपल्याकडे संध्याकाळी मुले कबड्डीचे मैदान आखतात. तिकडे मुले कुस्तीच्या हौद्यात उतरतात. हौदा म्हणजे कुस्तीसाठी केलेली मऊ, लाल मातीची जागा. तिकडच्या गावात जत्रा भरली, की कुस्त्यांचे मैदान भरतेच. नारळापासून मोठ्या रकमेपर्यंत इनाम लागते आणि जिंकलेल्या मल्लाच्या डोक्यावर फेटा चढतो.

कुस्तीच्या जगात शिरताना तुम्हांला फारसे परके वाटणार नाही. कुस्ती आणि पैलवान हे दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत. शिकवणाऱ्या गुरूला मल्ल वस्ताद म्हणतात. तो आपला उस्ताद. पैलवानाच्या खाण्याला खुराक म्हणतात. तोही शब्द तुमच्या ओळखीचा आहे. ज्या जागी मल्ल राहतात आणि मेहनत करतात, तिला पश्चिम महाराष्ट्रात तालीम म्हणतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. म्हणजे शाळा आणि आखाडा या दोघांसाठी एकच शब्द झाला. खाशाबांनी दोन्ही तालमींत मन लावून शिक्षण घेतले.

खाशाबा पाच भावांत सर्वांत धाकटे होते. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. त्यांनी मुलांना लहानपणापासूनच मातीत उतरवले. भल्या पहाटे उठावे, जोर मारावेत, बैठका काढाव्यात, मग शाळेला जावे, असा घरचा शिरस्ता होता. खाशाबा अंगाने थोराड नव्हते. ते ठेंगणे आणि हलके होते. असा मुलगा मोठा पैलवान होईल, असे पाहणाऱ्याला वाटले नसते. मात्र त्यांच्या अंगात विलक्षण चपळाई होती. समोरच्याचा तोल कोणत्या बाजूला गेला आहे, हे त्यांना चटकन कळे. पुढे इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांना पॉकेट डायनॅमो असे नाव दिले. खिशात मावेल एवढे छोटे, पण जोरदार यंत्र, असा त्याचा अर्थ.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये खाशाबांचे शिक्षण झाले. ते शाळेत असतानाच १९४२ सालची चले जाव चळवळ सुरू झाली. सातारा जिल्ह्यात या चळवळीने मोठा जोर धरला होता. इंग्रजांच्या पोलिसांपासून लपून काम करणाऱ्या लोकांना भूमिगत म्हणत. अशा भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे, अशी कामे खाशाबांनी केली. तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. देश स्वतंत्र झाला, तेव्हा ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाचा तिरंगा फडकवायचा, असा निश्चय त्यांनी मनाशी केला.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. छत्रपती शाहू महाराजांनी तेथे तालमींना आश्रय दिला होता आणि खासबाग मैदान बांधले होते. या मैदानात हौदा मध्यभागी असून प्रेक्षकांची बैठक सभोवार उंच उंच होत जाते. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसते. कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी या वस्तादांनी खाशाबांना घडवले. ढाक हा खाशाबांचा आवडता डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून त्याला झटक्यात खाली आणायचे, असा हा डाव आहे. लहान अंगाच्या माणसाने मोठ्या अंगाच्या माणसाला पाडावे, असा तो डाव असल्यामुळे खाशाबांना तो फार शोभला.

आता त्यांच्या आपबीतीतले पहिले अवघड पान येते. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक स्पर्धा होत्या. स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच ऑलिंपिकला जाणार होता. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा लंडनला पोहोचले. परंतु तेथे लाल माती नव्हती. तेथे कुस्ती गादीवर होती. मातीवर पाय रोवून उभे राहण्याची सवय असलेल्या मल्लाचा पाय गादीवर वेगळाच पडतो. नियमही वेगळे होते. आपल्याकडे दोन्ही खांदे जमिनीला टेकवून चीतपट केले, की कुस्ती संपते. मग ती दोन मिनिटे चालो की तासभर. ऑलिंपिकमध्ये वेळ ठरलेला असतो आणि कोणी चीत झाले नाही, तर कोणाची कामगिरी सरस यावर निकाल लागतो. हे सारे खाशाबांना नवे होते. रीस गार्डनर नावाच्या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना थोड्या दिवसांत जमेल तेवढे शिकवले.

खाशाबा सर्वांत हलक्या वजनगटात उतरले. पहिल्याच कुस्तीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत हरवले. मग अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवले. पाहणारे चकित झाले. परंतु इराणच्या मन्सूर रईसीने खाशाबांना हरवले. अखेरीस त्यांना सहावे स्थान मिळाले. गादीवरची कुस्ती नुकतीच शिकलेल्या मल्लाने जगात सहावे यावे, ही लहान गोष्ट नव्हती. पण पदक मिळाले नाही, हेही खरे होते. खाशाबांनी नशिबाला बोल लावला नाही आणि पंचांनाही लावला नाही. आपल्याला गादी आणि तिचे नियम ठाऊक नव्हते, हे ओळखून ते गावी परतले. मग चार वर्षे त्यांनी त्याच गोष्टींवर मेहनत केली. या चार वर्षांत त्यांचे वजन वाढले आणि ते वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या गटात गेले.

१९५२ सालचे ऑलिंपिक फिनलंड देशातील हेलसिंकी शहरात होते. त्यासाठी भारतीय संघ निवडला गेला, तेव्हा त्यात खाशाबांचे नाव नव्हते. आपल्यावर अन्याय झाला आहे, असे त्यांना वाटले. परंतु ते हात जोडून बसले नाहीत आणि आरडाओरडाही केला नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. आपल्याला पुन्हा कुस्ती करू द्यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. संधी मिळाली. खाशाबांनी ती कुस्ती जिंकली आणि संघात जागा मिळवली.

पण जागा मिळाली, तरी जाण्यासाठी पैसा कोठे होता? हे पान कुस्तीच्या पानांपेक्षाही मोठे आहे. शेतकऱ्याच्या घरात हजारो रुपये कोठून येणार? खाशाबा मदतीसाठी दारोदार फिरले. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी, दुकानदारांनी जमेल तशी वर्गणी दिली. तरीही रक्कम पुरी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि आपल्या विद्यार्थ्याच्या हाती ७,००० रुपये ठेवले. घर गहाण टाकणे म्हणजे काय, हे तुमच्या आईवडिलांना विचारा. कर्ज फिटले नाही, तर घर जाते. विद्यार्थी जिंकेलच, याची हमी खर्डेकरांना कोणी दिली नव्हती. आज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या मल्लाला चीत केले. मग मेक्सिकोच्या मल्लाला चीत केले. जर्मनीच्या मल्लालाही हरवले. आता ते पदकाच्या दारात उभे होते. पुढे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव हे दोघे तगडे प्रतिस्पर्धी होते. इशीशी झालेली कुस्ती फार वेळ चालली. दोघेही घामाघूम झाले. शेवटी निकाल इशीच्या बाजूने लागला. त्या थकलेल्या स्थितीतच खाशाबांना लगेच मम्मदबेयोवविरुद्ध बोलावण्यात आले, असे सांगितले जाते. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु तो नियम पंचांना दाखवून देईल, असा भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबांना परक्या भाषेत वाद घालता आला नाही. ते तसेच गादीवर गेले आणि हरले. इशीला सुवर्णपदक मिळाले, मम्मदबेयोवला रौप्यपदक मिळाले आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होते. हॉकीच्या संघाने त्याच स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, पण ते अकरा जणांच्या संघाचे होते. भारताला वैयक्तिक पदक पुन्हा मिळण्यासाठी ४४ वर्षे जावी लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस याने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. कुस्तीत तर २००८ सालापर्यंत, म्हणजे ५६ वर्षे वाट पाहावी लागली. यावरून खाशाबांनी केलेले काम किती अवघड होते, हे लक्षात येते.

खाशाबा परत आले, तेव्हा कराडच्या स्टेशनवर माणसांचा पूर लोटला होता. शंभराहून अधिक सजवलेल्या बैलगाड्या त्यांच्या स्वागताला आल्या होत्या. ढोल-ताशे वाजत होते. कराड ते गोळेश्वर हे अंतर एरवी थोड्या वेळात कापता येते. त्या दिवशी मिरवणुकीला सात तास लागले. ज्या गावाने वर्गणी दिली, ते गाव आपल्या पैशाचे सोने झालेले पाहत होते.

बहुतेक गोष्टी येथे संपतात. खाशाबांची गोष्ट येथे संपत नाही. मिरवणूक संपली, तरी खर्डेकरांचे घर गहाणच होते. पदक विकून कर्ज फेडता येत नाही आणि हार-तुऱ्यांनीही फिटत नाही. खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः त्यात उतरले आणि जमलेल्या पैशांतून आपल्या गुरूंचे घर सोडवले. हेलसिंकीच्या गादीवर मिळालेले पदक तिसऱ्या क्रमांकाचे होते. कर्जफेडीच्या या कुस्तीत मात्र खाशाबा पहिले आले, असे म्हणावे लागेल.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. ऑलिंपिक पदक मिळवलेला माणूस रोज सकाळी साधा गणवेश चढवून कामावर जात असे. त्यांनी सुमारे २७ वर्षे नोकरी केली. पोलिसांच्या स्पर्धांत भाग घेतला आणि तरुणांना शिकवले. नोकरीच्या शेवटी ते सहायक पोलीस आयुक्त या पदापर्यंत पोहोचले. निवृत्त झाल्यावर मात्र आपल्या हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. तरुणपणी मल्लांशी झुंजलेला हा माणूस उतारवयात कागदपत्रांशी झुंजत होता. कुस्तीत समोरचा माणूस दिसतो, त्याचा हात धरता येतो. कचेरीत समोर कोण आहे, हेच कळत नाही.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ रस्त्यावर झालेल्या अपघातात खाशाबांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. ज्या तिरंग्यासाठी त्यांनी लंडन आणि हेलसिंकी गाठले, तो तिरंगा सकाळी गावोगावच्या शाळांत फडकला. देशात खेळाडूंना देण्यात येणारा अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला होता. तो खाशाबांना जिवंतपणी मिळाला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर तो त्यांच्या नावे देण्यात आला. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा तेथील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. उशिरा का होईना, देशाला त्यांची आठवण झाली.

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. खाशाबांनी आपबीती लिहिली असती, तर तिच्यात काय काय आले असते? लंडनचा पराभव आला असता. संघातून गळालेले नाव आले असते. वर्गणीची वही आली असती आणि तिच्यात एक रुपया देणाऱ्याचेही नाव आले असते. गहाण पडलेले घर आले असते. जपानच्या मल्लाकडून झालेली हार आली असती. निवृत्तिवेतनासाठी मारलेल्या खेपा आल्या असत्या. आणि या सर्वांच्या मध्ये एक लहानसे कांस्यपदक आले असते. असे पुस्तक खरे झाले असते आणि रंगतदारही झाले असते. कारण पुढे काय होणार, याची वाचकाला प्रत्येक पानावर उत्सुकता लागली असती. ज्या पुस्तकातला माणूस दर पानावर जिंकतो, त्याचे दुसरे पान वाचायची गरजच उरत नाही.

तुम्हीही परीक्षेत माझे आत्मवृत्त या विषयावर निबंध लिहिता. त्यात मिळालेली बक्षिसे आणि पहिले क्रमांक तेवढे लिहिण्याचा मोह होतो. एखादा विषय जमला नाही, एखादी शर्यत हरलो, कोणी वह्यांसाठी पैसे दिले, कोणी सायकलवर बसवून शाळेत पोहोचवले, हे लिहायला लाज वाटते. तेही लिहा. एकट्याच्या बळावर मिळालेल्या पदकामागे किती हात होते, हे खाशाबांच्या आयुष्यात आपण पाहिले. ज्याला आपली हार सांगता येते आणि आपल्याला मदत करणाऱ्याचे नाव सांगता येते, त्याच्या विजयावर लोक सहज विश्वास ठेवतात.

स्वाध्याय

१. चरित्र आणि आत्मचरित्र यांत काय फरक आहे?
२. मातीवरची कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. बाळासाहेब खर्डेकर यांनी खाशाबांना कशी मदत केली? खाशाबांनी ते ऋण कसे फेडले?
४. पाठात आलेले आणि उर्दूतही असलेले पाच शब्द शोधा. त्यांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ सारखे आहेत का, ते पाहा.
५. खाशाबांच्या न लिहिलेल्या आपबीतीतील कोणतेही एक पान, ते स्वतः लिहीत आहेत अशी कल्पना करून, दहा ओळींत लिहा.